फिरत्या करवत मशीनचा दर कसा काढायचा: कोकणातल्या नव्या चिराईवाल्यांसाठी

फोनवर कोणी "फुटाला काय घेता?" असं विचारलं की लगेच आकडा सांगायचा मोह होतो. सांगू नका. फिरत्या बँडसॉच्या, म्हणजे ओंडक्यापर्यंत ओढून नेता येणाऱ्या पट्टा करवतीच्या, धंद्यात खर्च घनफुटावर ठरत नाही. मशीन एखाद्याच्या आगरात (बागेत) किती तास अडकून पडतं, त्यावर ठरतो. घनफूट गिऱ्हाइकाला समजतो, म्हणून शेवटी त्यात बोलायला हरकत नाही, पण घरी बसून करायचा हिशेब तासाचाच. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात तर जास्तच, कारण इथला पाऊस, इथल्या पाखाड्या (दगडी पायवाटा) आणि सामाईक सातबाऱ्यावरची झाडं या तिन्ही गोष्टी शेवटी तासांतच मोजाव्या लागतात.

खाली दिलेल्या रुपयांच्या रकमा उदाहरणादाखल धरल्या आहेत. पद्धत उचला आणि आकडे तुमच्या गावचे घाला.

पायरी १: आधी कागद, मग टेप

ओंडका बघायला जाण्याआधी गिऱ्हाइकाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर दोन फोटो मागवा: सातबारा आणि वनविभागाचा परवानगीचा कागद. महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम १९६४ च्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ, खैर अशी झाडं आहेत, म्हणजे कोकणात आपल्या मशीनखाली येणारं निम्म्याहून जास्त लाकूड. स्वतःच्या परसातला फणस असला तरी तोडायला परवानगी लागते. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात तर वृक्षतोडीवर उच्च न्यायालयाची बंदी आहे. तिकडून फोन आला तर कागद दुप्पट काळजीने बघा.

"तोडलेलं नाही हो, वादळात पडलेलं आहे," हे वाक्य तुम्हाला वारंवार ऐकू येईल. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली भागातल्या बागा आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्तेने दक्षिणेकडच्या किनाऱ्याला तडाखा दिला. अशी झाडं खरोखर असतात आणि या धंद्याला कामही तीच देतात. तरी पडलेल्या झाडाचाही कागद करून घ्यायला सांगा. वनपालांना झाड दाखवून नोंद झाली की गिऱ्हाईकही मोकळा आणि तुम्हीही. भारतीय वन अधिनियम १९२७ खाली बेकायदा लाकडाबरोबर त्या कामात वापरलेली हत्यारं आणि गाड्याही जप्त होऊ शकतात. त्या हत्यारांत तुमचं मशीन आलंच. खैराच्या बाबतीत मी सांगेन, कागद शंभर टक्के चोख असल्याशिवाय त्या ओंडक्याला हातच लावू नका. कांदळवन आणि देवराई यांचा तर विषयच काढायचा नाही.

आता तुमचा स्वतःचा कागद. गोदावर्मन या वनसंरक्षणाच्या खटल्यात १९९६ पासून सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशांमुळे लाकूड गिरण्यांच्या परवान्यांवर देशभर कडक बंधनं आली आणि २०१६ मध्ये केंद्राने लाकूड आधारित उद्योगांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. "मशीनला चाकं आहेत, त्यामुळे गिरणीचा परवाना लागत नाही," असं विकणारा सांगेल. त्याच्या शब्दावर मशीन घेऊ नका. चिपळूण, सावंतवाडी, अलिबाग किंवा रोहा, जो वनविभाग तुमचा असेल तिथल्या उपवनसंरक्षक कार्यालयात मशीनच्या माहितीसह अर्ज द्या आणि उत्तर लेखी घ्या. यात जाणारे हेलपाटे आणि फी हा धंद्याचा खर्च आहे, तो दुसऱ्या पायरीत धरायचा.

सातबाऱ्यावर किती नावं आहेत हेही मोजा. एक नाव असेल तर प्रश्न नाही. आठ नावं असतील, त्यातली पाच मुंबईत आणि एक बडोद्याला, तर मशीन लावल्यावर दुपारी बाराला कोणीतरी चुलत भाऊ येऊन "ह्या फणसात आमचाही हिस्सा आहे" म्हणण्याची शक्यता धरूनच चाला. तो वाद मिटवणं तुमचं काम नाही. फक्त आधी लिहून घ्या की मालकीच्या वादामुळे काम थांबलं तरी त्या दिवसाचा पूर्ण दर लागू राहील. हे वाक्य वाचल्यावर बरेच लोक आपणहून भावांना फोन लावतात.

पायरी २: तुमचा एक तास कितीला पडतो

नवा माणूस इथे पेट्रोल आणि मजुरी जोडतो आणि थांबतो. त्याला आपण फायद्यात आहोत असं दोन वर्षं वाटत राहतं, मग इंजिन बसतं.

समजा मशीन चार लाखांचं आहे. सहा वर्षांनी ते एक लाखाला जाईल असं धरलं तर वर्षाचा घसारा पन्नास हजार. कर्जाचं व्याज सरासरी पंचवीस हजार. बेअरिंग, पट्टे, चाकांचे रबर, खाऱ्या हवेने खाल्लेले नटबोल्ट आणि कागदपत्रं मिळून तीस हजार. म्हणजे मशीन नुसतं शेडमध्ये उभं राहिलं तरी वर्षाला एक लाख पाच हजार खातं.

हे किती तासांत वाटायचं, हा खरा प्रश्न. जूनपासून सप्टेंबरपर्यंत उघड्यावरचं काम बंदच. ऑक्टोबरात भातकापणीला माणसं गेलेली असतात. शिमग्यात कोणी कामावर येत नाही आणि आलं तरी धड काम होत नाही. एप्रिल-मे मध्ये तेच गडी आंब्याच्या पेट्या भरायला जातात, वर लग्नसराई. हे सगळं वजा केलं की वर्षाला शंभर दिवस काम मिळालं तर ते चांगलं वर्ष म्हणायचं. दिवसात करवत प्रत्यक्ष लाकडात असते ती पाच तास. बाकीचा वेळ मांडणी, ओंडका फिरवणं, ब्लेड बदलणं आणि चहा यांत जातो. म्हणजे वर्षाला पाचशे कापाईचे तास.

एक लाख पाच हजार भागिले पाचशे: तासाला ₹२१०. हाच हिशेब कोणी देशावरच्या पद्धतीने वर्षाला अडीचशे दिवस धरून केला तर ₹८४ येतो. तासाला सव्वाशे रुपयांचा हा फरक पावसाचा आहे आणि तो गिऱ्हाइकाकडून वसूल झाला नाही तर तुमच्या खिशातून जातो.

आता चालू खर्च. पेट्रोल तासाला तीन लिटर, ₹१०५ च्या भावाने ₹३१५. ब्लेड दोन हजारांचं, पाच वेळा दोनशे रुपये देऊन धार लावली, मूळची धरून सहा धारांवर प्रत्येकी अडीच तास चाललं, म्हणजे तीन हजारांत पंधरा तास: ₹२००. तेल, ग्रीस, ब्लेडवर सोडायचं पाणी: ₹२५. माणसांत तुमची स्वतःची हजेरी ₹१,५००, गड्याचे ₹७०० आणि चहा-जेवण ₹१५०, असे दिवसाचे ₹२,३५०. पाच तासांत वाटले की ₹४७०. स्वतःची हजेरी धरायला लाजू नका. उद्या पाठ धरली आणि दुसरा मिस्त्री लावावा लागला तर तो फुकट येणार नाही.

बेरीज ₹१,२२०. त्यावर साधारण वीस टक्के नफा आणि जोखीम चढवून गोल आकडा ₹१,४५० तास. पूर्ण दिवस म्हणजे पाच कापाईचे तास, ₹७,२५०. अर्ध्या दिवसाला मी निम्मे घेत नाही, ₹४,२०० घेतो, कारण राहिलेल्या अर्ध्या दिवसात दुसरीकडे मांडणी होऊन काम निघत नाही. अर्ध्या दिवसापेक्षा कमी काम घेऊच नका. दोन फळ्यांसाठी बोलावणाऱ्याला वखारीचा पत्ता सांगा.

पायरी ३: वाट बघा

कोकणात ओंडका रस्त्याला क्वचितच असतो. रस्ता वर, आगर खाली, मध्ये जांभ्या दगडाची पाखाडी आणि शेवटी व्हाळ (ओढा). गिऱ्हाईक "गाडी अगदी दारापर्यंत येते" म्हणतो ते खरंच असतं, पण दार आणि झाड यांत दोनशे पावलांचा उतार असतो. म्हणून गाडी थांबते तिथून ओंडक्यापर्यंत चालत काढलेला एकसलग व्हिडिओ मागवा. ओंडक्याशेजारी कोयता ठेवून फोटो काढायला सांगा, म्हणजे जाडीचा अंदाज येतो.

मशीन पोचत नसेल तर दोनच मार्ग: ओंडके वर आणायचे, नाहीतर मशीन सुटं करून खाली न्यायचं. दोन्हीला लागणारी माणसं गिऱ्हाइकाने द्यायची आणि जाणारा वेळ तासाच्या दराने लागेल, हे आधी सांगा. ओंडका ओढत आणायचा असेल तर लाल मातीतून फरफटत आणू देऊ नका. सालीत घुसलेली माती आणि बारीक खडे ब्लेडची धार पहिल्याच कापात घालवतात. खाली आडव्या बल्ल्या टाकून ओंडके जमिनीपासून उचलून ठेवायचे आणि आदल्या दिवशी पाणी मारून धुवायचे, हे दोन नियम गिऱ्हाइकाला मेसेजमध्ये लिहून पाठवा. धुतलेले नसतील तर साल काढायचा वेळ त्याच्या खात्यात.

जाण्या-येण्याचं भाडं वेगळं लावा, दोन्ही बाजूंचे किलोमीटर धरून. ते दरात लपवलं की जवळचा गिऱ्हाईक लांबच्याचं डिझेल भरतो. त्याच वाडीत आणखी कोणाचं लाकूड पडलं असेल तर भाडं दोघांत वाटून द्या. सूट द्यायचीच झाली तर ती भाड्यात द्यावी. तासाच्या दरात दिलेली सूट गावभर पसरते आणि परत वर नेता येत नाही.

पायरी ४: मोजमाप, आणि कोणतं मोजमाप

गोल लाकूड आपल्याकडे चौथाई घेराने मोजतात. ओंडक्याच्या मध्यावर सुतळी गुंडाळायची, ती चार पदरी दुमडायची, जी लांबी येईल तिचा वर्ग करायचा आणि ओंडक्याच्या लांबीने गुणायचं. घेर आणि चौथाई इंचात, लांबी फुटात असेल तर शेवटी १४४ ने भागायचं. घेर ६० इंच, लांबी ८ फूट: चौथाई १५, वर्ग २२५, गुणिले ८, भागिले १४४, म्हणजे साडेबारा घनफूट.

हे ओंडक्याचं खरं घनफळ नव्हे. त्या ओंडक्यात प्रत्यक्षात १५.९ घनफूट लाकूड असतं. चौथाईची पद्धत सुमारे साडेएकवीस टक्के कमी दाखवते, साल आणि पाठी (कडेच्या गोलसर फाका) जातील हे गृहीत धरून. पण वाकड्या ओंडक्यातून कापलेला माल साडेबाराही निघत नाही, नऊ-दहाच निघतो. मग "फुटाला दीडशे" म्हणजे कशाच्या फुटाला? गोल मापाच्या की कापलेल्या मालाच्या? हे न ठरवता काम सुरू झालं तर संध्याकाळी दोघंही आपापल्या जागी खरे असतात आणि भांडण होतं. कागदावर "गोल माप, मध्यावरचा घेर, चौथाई" किंवा "कापलेला माल" यांतलं एक लिहा आणि मोजताना गिऱ्हाइकाला सुतळीचं दुसरं टोक धरायला लावा.

त्यापुढची गोम काप किती, यात आहे. बारा इंच बाय बारा इंचाचा, आठ फुटी चौकोनी ठोकळा घ्या. त्यातून एक इंची फळ्या पाडायच्या तर करवत दहा वेळा जाते आणि अकरा फळ्या निघतात. त्याच ठोकळ्याचे चार-चार इंचांना किंचित कमी असे नऊ खांब पाडायचे तर दोन काप मारून तिन्ही पाट एकत्र उभे करायचे आणि आणखी दोन काप, झालं. घनफूट जवळजवळ तेच, काम अडीचपट. म्हणून फुटाचा दर सांगायचाच असेल तर जाडीप्रमाणे दोन दर ठेवा: दोन इंचांपर्यंतचा माल एका दराने, त्यावरचा दुसऱ्या. रिपांचं (बारीक पट्ट्यांचं) काम तर तासावरच घ्या.

याच ठोकळ्याचा गिऱ्हाइकाला दाखवण्यासारखा एक हिशेब आहे. बँडसॉचा काप साधारण अडीच मिलिमीटर जातो, चेनसॉचा नऊच्या आसपास. चेनसॉने चिरलं तर अकराऐवजी नऊ फळ्या मिळतात, बाकीच्या दोन भुशात. "चेनसॉवाला तुमच्याहून स्वस्त आहे" म्हणणाऱ्याला तुमचा दर पटवायच्या भानगडीत पडू नका, त्या दोन फळ्यांची किंमत विचारा.

पायरी ५: झाड ओळखा आणि तास बदला

रायवळ आंबा मऊ. सरळ असला तर तासाला दहा घनफूट कापलेला माल निघतो. मात्र पडल्यापासून किती दिवस झाले ते विचारा. आंब्याला कीड आणि निळसर बुरशी फार लवकर लागते, पावसाळ्यात तर बघता बघता. पोखरलेल्या ओंडक्याची चिराई तेवढीच लागते आणि माल पदरात पडत नाही. हे आधीच तोंडावर सांगितलेलं बरं.

फणसाचा चीक ब्लेडला धरतो आणि काप वाकडा जायला लागतो. पाण्यात थोडा साबण घालून धार सोडत राहावी लागते. म्हातारा फणस आतून पोकळ असतो, आणि बाहेरून तो कितीही भव्य दिसला तरी आत काय आहे हे पहिला काप पडेपर्यंत कळत नाही. तासाला सहा घनफूट धरा.

सामाजिक वनीकरणाच्या काळात बांधावर आणि वरकस जमिनीवर लावलेला आकेशिया आता सगळीकडे कापायला आला आहे. लाकूड चांगलं, रंग सुरेख, पण अंगात ताण इतका की काप उघडला की फळी धनुष्यासारखी वाकते. ओंडका पुन्हा पुन्हा फिरवून कापावा लागतो, म्हणून यालाही सहाच. सुरूलाही ताण असतो, वर तो टणक आणि तडकणारा. सागात सिलिका असते, दिसायला सरळ आणि मऊसर वाटला तरी ब्लेडची धार खातो. माडाच्या खोडाचा बाहेरचा भाग अतिशय कठीण आणि आतला गाभा भुसभुशीत, कामाचा माल फक्त बाहेरच्या कड्यातून निघतो. माड कधीही कापलेल्या मालाच्या फुटावर घेऊ नका. तासावर घ्या, आणि ब्लेडचा खर्च दुप्पट धरा.

एक प्रकार नव्या माणसाला मोहात पाडतो: जुनं घर उतरवून निघालेले वासे, भाल, तुळया. ऐन-किंजळाचं शंभर वर्षांचं लाकूड, वरचा काळा थर गेला की आत सोनं. पण त्यात खिळे असतात, आणि खिळ्यांची डोकी कधीच गळून गेलेली असतात. मेटल डिटेक्टर घ्या, तो पहिल्या दोन-तीन कामांत वसूल होतो. ताज्या ओंडक्यातही लोखंड असतं: कुंपणाची काटेरी तार झाडाने गिळलेली, पाटी ठोकलेला खिळा, नारळ काढायला ठोकलेली सळई. कापलेल्या टोकावर निळा-काळा डाग उतरलेला दिसला तर आत लोखंड आहे असं समजा, लाकडातलं टॅनिन आणि लोखंड मिळून तो रंग येतो. नियम असा लिहा: डिटेक्टर फिरवण्याचं काम आमचं, त्यातून निसटलेल्या लोखंडाने ब्लेड गेलं तर नव्या ब्लेडची निम्मी किंमत गिऱ्हाइकाची. जुन्या घराच्या लाकडाला मात्र पूर्ण किंमत त्याचीच, आणि काम फक्त तासावर. काही जण ताज्या ओंडक्यालाही पूर्ण किंमत लावतात. मला ते पटत नाही, कारण मग आपला माणूस डिटेक्टर नीट फिरवत नाही.

पायरी ६: सुताराची यादी

मालक यादी देईल ती घेऊ नका, सुताराशी फोनवर बोला. मालक "एक इंची फळी" म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर रंधा मारलेली, सुकलेली एक इंची फळी असते. ओल्या लाकडात ती एक इंच दोन सूत (सव्वा इंच) कापावी लागते. हे आधी झालं नाही तर तुम्ही बरोबर एक इंच कापता, सुतार शिव्या घालतो आणि मालक पैसे कापतो. यादीत माप, नग, लांबी आणि "रंध्याआधी" हा शब्द असला पाहिजे. कामाच्या दिवशी यादी बदलली तर बदलू द्या, फक्त घड्याळ तुमचं चालू असतं एवढं सांगा.

फळ्या थप्पीला लावणं, मध्ये पट्ट्या घालणं, टोकांना रंग लावणं हे चिराईत येत नाही. हवं असेल तर तासाने. साली-पाठी आणि भुसा मालकाचे, जागेवरच राहणार.

पायरी ७: तीन पद्धतींतली एक निवडा

तासाचा दर, घनफुटाचा दर आणि वाट्याने. तुमचा अंदाज पक्का होईपर्यंत तासाचाच घ्या, आणि सोबत अंदाजे एकूण रकमेची वरची मर्यादा द्या. नुसता तासाचा दर ऐकला की गिऱ्हाइकाला वाटतं हा माणूस मुद्दाम रेंगाळणार. सरळ, सारख्या जाडीचे, धुऊन रचलेले वीस-तीस ओंडके असतील तर घनफूट दोघांनाही सोयीचा पडतो.

वाट्याने म्हणजे निम्मी लाकडं त्याची, निम्मी तुमची. अर्धेलीने शेती करण्याची सवय असलेल्या आपल्या भागात ही सूचना फार सहज येते, विशेषतः रोख पैसे नसलेल्या घरातून. मी नव्या माणसाला सरळ नाही म्हणायला सांगतो. वाट्याचं लाकूड घरी नेताना वाहतुकीचा पास तुमच्या जबाबदारीवर येतो, ते साठवायला जागा लागते, पावसात ते राखावं लागतं, आणि मजुरी करणाऱ्याचे तुम्ही लाकडाचे व्यापारी होता. तो धंदा वेगळा आहे. पेट्रोल पंपवाला वाट्याने फळी घेत नाही, हेही लक्षात ठेवा.

पायरी ८: एक काम पूर्ण मांडून

कुडाळच्या बाजूला, तुमच्यापासून चाळीस किलोमीटरवर, वाऱ्यात पडलेला फणस. तीन ओंडके: घेर ७२ इंच, लांबी ७ फूट, घेर ६०, लांबी ८, घेर ४८, लांबी ९. चौथाईने १५.७५, १२.५ आणि ९, एकूण ३७.२५ घनफूट गोल माप. खरं घनफळ सत्तेचाळीसच्या आसपास, वाकडेपणा आणि पोकळी धरून निम्मा माल, म्हणजे चोवीस घनफूट फळ्या. तासाला सहा, म्हणजे चार तास कापाई. पहिला ओंडका ओला असताना अर्ध्या टनाच्या आसपास भरतो, तो फिरवायला गिऱ्हाइकाचे दोन गडी लागणार. दिवस जाणारच, म्हणून पूर्ण दिवसाचे ₹७,२५०. भाडं जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर, ₹१४ ने ₹१,१२०. एकूण ₹८,३७०, सांगायचे ₹८,४००, ब्लेडची अट वेगळी.

हेच काम फोनवर "गोल मापाला दीडशे रुपये" म्हणून घेतलं असतं तर हातात आले असते ₹५,५८७. तुमचा निव्वळ खर्च नफा सोडून: दिवसाचे ₹६,१००, त्यातून न चाललेल्या एका तासाचं पेट्रोल आणि ब्लेड वजा, अधिक भाडं, मिळून सहा हजार सातशेच्या पुढे. अकराशे रुपये पदरचे घालून तुम्ही दुसऱ्याचा फणस कापला असता.

या ₹८,४०० ला चोवीसने भागलं तर फुटाला ₹३५० येतात आणि गिऱ्हाईक म्हणणारच, "काय ओ, वखारीत तर निम्म्यात कापून देतत!" देतात, हे खरं आहे. वखारीच्या जागेवरच्या मोठ्या मशीनशी दरात बरोबरी करायला जाऊ नका, होणार नाही. त्याच्यासमोर कागदावर लिहा: ओंडके आगरातून रस्त्यावर चढवायची मजुरी, टेम्पो, वाहतुकीचा पास, वखारीत नंबर लागेपर्यंतचे दिवस, फळ्या परत आणायचा टेम्पो, आणि जळणाच्या साली-पाठी ज्या तिकडेच राहतात. बेरीज त्यालाच करू द्या. रस्त्यालगतचे चार ओंडके असतील आणि वखार दोन किलोमीटरवर असेल तर बेरीज वखारीच्या बाजूने जाईल. जाऊ द्या. तेही प्रामाणिकपणे सांगितलं तर तोच माणूस पुढच्या वेळी डोंगरातल्या मावसभावाचं काम पाठवतो.

पायरी ९: पैसे आणि पावती

चाकरमानी मालक मुंबईत आणि लाकूड गावात असेल तर निम्मे आगाऊ, मशीन निघण्याआधी. उरलेले काप संपल्यावर, व्हिडिओ कॉलवर थप्पी दाखवून, मशीन जागेवरून हलण्याआधी. जागेवर जो कोणी सूचना देणार त्याचं नाव मेसेजमध्ये लिहून घ्या. काका एक माप सांगणार आणि राखणदार दुसरं, यात तुम्ही पडायचं नाही.

पावतीवर "चिराई मजुरी" असं लिहा, घेर, लांबी, तास आणि परवानगीच्या कागदाचा क्रमांक टाका. लाकूड मालकाचं, आपण फक्त सेवा दिली, हे त्यावरून स्पष्ट राहतं. सेवेची वर्षाची उलाढाल ₹२० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही; एका मशीनवर तिथवर जाणं कठीणच.

देवळाच्या कामाला पैसे मागायचे का, हा प्रश्न प्रत्येक गावात येतो. माझी रीत अशी: वर्षाला एक दिवस माझी हजेरी ग्रामदेवतेला, पण पेट्रोल, ब्लेड आणि गड्याचे पैसे देवस्थानाने द्यायचे. हे एकदा जाहीर केलं की वर्षभर कोणी भिडेला घालत नाही.

मे महिन्यात छपराच्या कामांची झुंबड उडते. तेव्हा दर वाढवू नका, आगाऊ रक्कम वाढवा. उलट नोव्हेंबर-डिसेंबरात कापून घेणाऱ्याला भाड्यात सूट द्या. तेव्हा कापलेली फळी पावसाआधी सुकते, सुतारही खूश असतो आणि तुमचे रिकामे दिवस भरतात.

पायरी १०: वही

प्रत्येक कामाला एक ओळ: झाड, घेर, लांबी, सांगितलेले तास, लागलेले तास, ब्लेड, पेट्रोल. पावसाळ्यात मशीनला तेल लावून ठेवलं की ही वही घेऊन बसा आणि पुढच्या हंगामाचा दर काढा. हंगामाच्या मध्येच पेट्रोल किंवा ब्लेडच्या खर्चात पंधरा टक्क्यांहून जास्त फरक दिसला तर दर तेव्हाच बदला. मात्र ज्यांना आकडा लेखी दिला आहे त्यांची कामं जुन्याच दराने उरका.